पाच मुलगे असूनही घराणं बुडालं: एका मध्ययुगीन इंग्लिश उमरावाच्या संसाराचा हिशेब

सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथची अंत्ययात्रा आणि ६ मे २०२३ रोजी चार्ल्सचा राज्याभिषेक टीव्हीवर पाहताना एक पदनाम सारखं कानावर पडत होतं: अर्ल मार्शल. दोन्ही सोहळ्यांची सगळी व्यवस्था या एका माणसाकडे. हे पद त्याला ना परीक्षा देऊन मिळालं, ना निवडून येऊन. ते वारशानं आलं. १६७२ पासून ते नॉरफोकच्या ड्यूककडे, म्हणजे हॉवर्ड घराण्याकडे आहे.

'मार्शल' या भारदस्त शब्दाचं मूळ मात्र पागेत आहे. जुन्या जर्मानिक बोलीत 'मारह' म्हणजे घोडा आणि 'स्काल्क' म्हणजे नोकर. राजाच्या घोड्यांची, पुढे त्याच्या सैन्याच्या तळाची व्यवस्था बघणारा तो मार्शल. बाराव्या शतकात हे काम एका मध्यम दर्जाच्या घराण्याकडे पिढीजात होतं आणि तेच त्यांचं आडनाव बनलं. त्या घराण्यातल्या विल्यम मार्शलची (सुमारे ११४७ ते १२१९) ही हकीकत. वडिलांकडून त्याला जमिनीचा एक तुकडाही मिळाला नाही. मेला तेव्हा मात्र तो पेम्ब्रुकचा अर्ल, म्हणजे राजाखालचा बडा उमराव, होता आणि बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या वतीनं इंग्लंडचा कारभार चालवत होता. मागे पाच मुलगे, पाच मुली. आणि २६ वर्षांत त्याचं नाव लावणारा एकही पुरुष उरला नाही.

असं कसं झालं हे समजून घेताना उमरावाचा संसार चालायचा कसा, तेही कळतं. किल्ले, चिलखतं आणि शौर्य याबद्दल बरंच ऐकलेलं असतं. घोटाळा होतो तो जमीन कुणाच्या नावावर चढायची आणि कशी उतरायची, यात.

आधी चार शब्द

आपण 'सरंजामशाही' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पेशवाईतला सरंजाम येतो: चाकरीसाठी महसूल तोडून दिलेला, सरकारच्या मनात आलं तर काढून घेता येणारा. इंग्लंडमधली उमरावी जमीनही मुळात अशीच, चाकरीच्या बदल्यात दिलेली. पण बाराव्या शतकापर्यंत ती आपल्या वतनासारखी झाली होती, बाप गेला की मुलाला. जुना मालकी हक्क शिल्लक आहे याची खूण म्हणून वारसानं राजाला एक रक्कम भरायची. तिला आपण वारसा-नजराणा म्हणू.

जमीन मोजायची ती नाइटमध्ये. नाइट म्हणजे चिलखत घालून घोड्यावरून लढणारा स्वार. एका नाइटचा, त्याच्या घोड्यांचा आणि शस्त्रांचा खर्च निघेल एवढी जमीन म्हणजे एक नाइट-पट्टा. विल्यमला पुढे बायकोकडून मिळालेल्या, वेल्सच्या सीमेवरच्या चेपस्टोच्या जहागिरीत असे ६५½ पट्टे होते. अर्धा नाइट लढणार कसा, हा प्रश्न तेव्हाही पडायचाच. उत्तर सोपं होतं: माणसाऐवजी पैसे भरायचे. या रकमेला ढालपट्टी म्हणता येईल. जॉन राजाच्या काळात दर पट्ट्यामागे ती साधारण १ ते ३ मार्क असायची.

आता मार्क. पौंड आणि मार्क हे फक्त हिशेबाचे आकडे होते, तशी नाणी नव्हती. हातात यायची ती फक्त चांदीची पेनी, वजनाला सुमारे १.४ ग्रॅम. १२ पेनींचा शिलिंग, २४० पेनींचा पौंड, १६० पेनींचा मार्क. म्हणून राजाला १०० पौंड भरायचे म्हणजे २४,००० नाणी मोजायची, साधारण ३४ किलो चांदी. पुढचे आकडे वाचताना हे वजन लक्षात ठेवा.

धाकटा मुलगा कशाला?

विल्यम हा जॉन मार्शलचा चौथा मुलगा. पहिल्या बायकोपासून दोन, दुसरीपासून चार, त्यातला हा दुसरा. दुसरी बायको सिबिल ही सॉल्झबरीच्या अर्लची बहीण. त्या काळी इंग्लंडमध्ये गादीवरून यादवी चालू होती. ११५२ मध्ये स्टीफन राजानं न्यूबरीच्या गढीला वेढा घातला. गढी सोडतो, मुदत द्या, असं जॉननं सांगितलं आणि हमी म्हणून पाच वर्षांचा विल्यम ओलीस दिला. मग मिळालेल्या मुदतीत त्यानं गढीत माणसं आणि धान्य भरून घेतलं.

राजानं पोराला फासावर चढवायची धमकी दिली. बापाचा निरोप आला तो असा: माझ्याकडे हातोडा आणि ऐरण दोन्ही शाबूत आहेत, याहून चांगले मुलगे घडवीन. हे निर्दयपणाचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं, आणि ते आहेच. पण त्यात हिशेबही आहे. थोरल्या मुलावर घराणं टिकून असायचं, चौथा हा खर्चायचा ऐवज. स्टीफनला मात्र पोर मारवलं नाही. नंतर तंबूत दोघं कुरणात उगवणाऱ्या एका रानवनस्पतीच्या काड्यांचे नाइट करून लुटूपुटूची लढाई खेळत बसले. हे सगळं आपल्याला कळतं ते विल्यमच्या मोठ्या मुलानं बापाच्या मृत्यूनंतर लिहवून घेतलेल्या १९,२१४ ओळींच्या फ्रेंच पद्यचरित्रातून. मुलानं पैसे देऊन लिहवलेलं चरित्र आहे, म्हणून कौतुकाचा भाग बेतानं घ्यावा. पण दरबार आणि घर यांचा तपशील त्याच्याइतका दुसरीकडे क्वचितच मिळतो.

बाराव्या-तेराव्या वर्षी विल्यमला नॉर्मंडीत टँकारव्हिलच्या जहागीरदाराकडे पाठवलं. तो नात्यातलाच. उमरावांची मुलं अशीच दुसऱ्याच्या घरी उमेदवारी करायची: घोडे मालिश करायचे, चिलखताच्या कड्या घासायच्या, जेवताना धन्याला वाढायचं आणि मग कधीतरी भाला हातात यायचा. विल्यमला तिथं खादाड म्हणून चिडवत. ११६५ मध्ये बाप वारला, विल्यमला काहीही आलं नाही. ११६६ च्या सुमारास तो नाइट झाला, पहिल्याच लढाईत गाजला आणि त्याच लढाईत त्याचा घोडा मेला.

इथं एक गोष्ट लक्षात येते. घोडा नसलेला नाइट म्हणजे गाडी नसलेला टॅक्सीवाला. मराठी वाचकाला शिलेदार आणि बारगीर हा फरक ठाऊक आहे: शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. विल्यम एका दिवसात शिलेदाराचा बारगीर झाला. नाइट होताना मिळालेला भारी झगा २२ शिलिंगला विकून त्यानं सामानाचं एक तट्टू घेतलं.

मग पैसा आला कुठून?

स्पर्धांमधून. मैदानात दोर बांधून समोरासमोर दोन स्वार धावतात ती दृश्यं नंतरच्या शतकांतली. विल्यमच्या काळातली टूर्नामेंट म्हणजे दोन गावांमधला कित्येक मैलांचा मोकळा मुलूख, दोन्हीकडे शेकड्यांनी स्वार आणि दिवसभर चाललेली झटापट. मारणं हा उद्देश नव्हता, धरणं हा होता. समोरच्याच्या घोड्याचा लगाम धरायचा, त्याला ओढत आपल्या बाजूच्या कुंपणात न्यायचं आणि 'शरण' म्हणवून घ्यायचं. मग त्याचा घोडा आणि सामान तुमचं, वर सुटकेची रक्कम. तो शब्द देऊन निघून जायचा आणि पैसे नंतर पाठवायचा. शब्द मोडला तर पुन्हा कुठल्या स्पर्धेत तोंड दाखवायची सोय नाही, त्यामुळे बहुधा पैसे यायचे. दोघांनी मिळून एकाला धरलं तर लूट अर्धी-अर्धी. म्हणूनच विल्यमच्या एका दिवसाच्या कमाईत साडेचार घोडे नोंदलेले दिसतात.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या हेन्रीच्या काळात या स्पर्धांना मनाई होती, म्हणून धंदा उत्तर फ्रान्समध्ये चालायचा. रॉजर द जुई नावाच्या भिडूबरोबर विल्यमनं भागी केली आणि दहा महिन्यांत दोघांनी १०३ नाइट धरले. हा आकडा कुणा भाटाचा नाही. हेन्रीच्या युवराजाच्या मुदपाकखान्याचा कारकून विगँ याच्या यादीतला आहे. एकदा शँपेनमधल्या प्लर गावच्या स्पर्धेत त्याला उत्तम लढवय्याचं बक्षीस जाहीर झालं. बक्षीस होता एक मोठा मासा. तो द्यायला लोक शोधत गेले तर स्वारी लोहाराच्या दुकानात, डोकं ऐरणीवर टेकलेलं. शिरस्त्राण मारानं इतकं चेपलं होतं की काढता येईना, लोहार हातोडी आणि पक्कड घेऊन ते सोडवत होता.

पण चाळिशीपर्यंत हे करूनही त्याच्याकडे होते घोडे, नाव आणि राजाच्या कुटुंबाची ओळख. जमीन जवळपास नाहीच. स्पर्धांमधला पैसा बक्षिशी, कपडे, घोडे आणि खाण्यापिण्यात वाहून जायचा. उमराव व्हायचं तर जमीन पाहिजे, आणि जमीन मिळायचा खात्रीचा रस्ता एकच होता.

लग्न

इसाबेल द क्लेअर. बाप रिचर्ड द क्लेअर, ज्याला 'स्ट्रॉन्गबो' म्हणतात, चेपस्टोचा धनी. आई ईफा, आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची मुलगी. बाप ११७६ मध्ये गेला, एकुलता भाऊ वयात येण्याआधीच वारला आणि वेल्सच्या सीमेवरची जहागीर, आयर्लंडमधला अख्खा लेन्स्टर प्रांत आणि पेम्ब्रुकवरचा दावा, सगळं या एका मुलीवर आलं. तिला टॉवर ऑफ लंडनमध्ये ठेवलं होतं, राजाचा मुख्य न्यायाधीश ग्लानव्हिल याच्या ताब्यात.

अल्पवयीन वारस किंवा अविवाहित वारसदार मुलगी असेल तर तिची जमीन आणि तिचं लग्न, दोन्हीचा ताबा राजाकडे, हा नियम. जमिनीचं उत्पन्न तेवढी वर्षं राजा खाणार किंवा कुणाला तरी विकणार, मुलीचं लग्न राजा ठरवणार. राजाला पगार द्यायचा नसेल आणि बक्षीस तर द्यायचं असेल, तर वारसदार मुलगी हा त्याच्या तिजोरीतला सर्वांत सोयीचा ऐवज. दुसऱ्या हेन्रीनं मरण्यापूर्वी विल्यमला इसाबेलचा शब्द दिला होता. जुलै ११८९ मध्ये हेन्री गेला आणि रिचर्ड राजा झाला. गंमत अशी की महिनाभर आधी याच रिचर्डनं बापावर चाल केली असताना विल्यमनं त्याचा घोडा भाल्यानं ठार केला होता. माणसाला मारू शकत होता, घोड्याला मारलं. रिचर्डनं डूख धरला नाही आणि शब्द पाळला. ऑगस्ट ११८९ मध्ये लग्न झालं. नवरा सुमारे ४२ वर्षांचा, नवरी सुमारे १७ वर्षांची.

बिनजमिनीचा माणूस एका दिवसात इंग्लंडमधल्या बड्या जमीनदारांत गेला. अर्लपद मात्र लगेच आलं नाही, ते जॉन राजानं ११९९ मध्ये दिलं. मधल्या काळात ११९४ मध्ये भाऊ जॉन निपुत्रिक वारला आणि घराण्याचं मार्शलपदही विल्यमकडे आलं.

ही यंत्रणा बिघडायची कुठे? नजराण्याच्या रकमेला मर्यादा नव्हती तिथे. १२०५ मध्ये निकोलस द स्टटव्हिलला पुतण्याची जहागीर मिळवण्यासाठी जॉन राजाला १०,००० मार्क कबूल करावे लागले. १६ लाख पेनी, सव्वादोन टन चांदी. तेवढी येणार कुठून? तारण म्हणून नेअर्सबरोचा किल्ला राजाकडे गेला. १२१४ मध्ये जेफ्री द मँडव्हिलच्या गळ्यात जॉनची घटस्फोटित पहिली बायको मारली ती २०,००० मार्कांना. १२१५ चा मॅग्ना कार्टा म्हणजे लोकशाहीची सनद असं शाळेत शिकवतात. ती उघडून पहिली सात-आठ कलमं वाचली तर दिसतं काय? अर्लचा नजराणा १०० पौंडांहून जास्त नको, एका नाइट-पट्ट्याचा १०० शिलिंगांहून जास्त नको, अज्ञान वारसाच्या जमिनीची पालकानं नासाडी करू नये, वारसांची लग्नं कमी दर्जाच्या घरी लावू नयेत, विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती नको. उमरावांच्या घरातलं दुखणं अगदी वर मांडलंय. याच सनदेच्या १२१६ आणि १२१७ च्या सुधारित प्रतींवर बालराजाचा शिक्का नव्हता म्हणून विल्यमचा शिक्का आहे.

म्हणजे बाई हा नुसता सातबारा?

लग्न ठरताना जवळजवळ तसंच. इसाबेलला कुणी विचारल्याची नोंद नाही. पण लग्नानंतर चित्र बदलतं, कारण जमीन नवऱ्याची होत नाही. तो तिच्या वतीनं आणि तिच्या हक्कानं ती सांभाळतो, आणि हे तिची माणसंही विसरत नाहीत.

१२०७ मध्ये जॉन राजानं विल्यमला आयर्लंडमधून परत बोलावलं. डाव उघड होता: तो निघाला की लेन्स्टरवर हल्ला करायचा. किल्केनीत विल्यमनं सगळ्या नाइटांना जमवलं, गरोदर इसाबेलला हाताला धरून पुढे आणलं आणि सांगितलं की ही तुमची जन्मानं स्वामिनी, ज्यानं तुम्हाला या जमिनी दिल्या त्याची मुलगी, मला इथं जे काही आहे ते हिच्यामुळे. त्या हिवाळ्यात लढाई झालीच. जानेवारीत गिल्डफर्डला जॉननं विल्यमला मुद्दाम ऐकवलं की तुझी माणसं मारली गेली. वादळामुळे आयर्लंडकडून एकही जहाज आलेलं नव्हतं, तेव्हा ही बातमी आली कुठून, हे विचारायची सोय नव्हती. खरी बातमी नंतर आली: इसाबेलच्या माणसांची सरशी झाली होती आणि राजाच्या सुभेदाराला स्वतःचा मुलगा तिच्याकडे ओलीस ठेवावा लागला होता.

विधवेचा हक्क तर आणखी ठोस. नवरा गेल्यावर त्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तिला हयातभर. ती पुन्हा लग्न करून दुसऱ्या घरी गेली तरी हा हिस्सा तिच्याबरोबर जायचा आणि मेल्यावरच मूळ घराण्याकडे परतायचा. लग्नात बापानं दिलेलं जमिनीचं आंदण ते वेगळंच. यातला धोका असा, की एकामागून एक तरुण भाऊ मेले तर विधवा साठत जातात. पहिली तिसरा हिस्सा घेते, उरतात दोन-तृतीयांश. दुसरी त्याचा तिसरा घेते, उरतात चार-नवमांश. म्हणजे दोन मरणांत निम्म्याहून जास्त जमीन हातची जाते. हे गणित पुढे लागणार आहे.

एवढी जमीन, तरी हातात पैसा का नाही?

उमराव एका वाड्यात बसून राहत नसे. धान्य, वैरण, मांस गावोगावच्या मळ्यांवर साठलेलं असायचं. ते वाहून आणण्यापेक्षा खाणाऱ्यांनीच तिथं जाणं स्वस्त. म्हणून बायकापोरं, धर्मगुरू, कारकून, आचारी, शिकारी कुत्री, पलंग आणि पडदे यांच्यासह तांडा सतत फिरता. विल्यमच्या पदरी स्वतःचे दीड-दोन डझन नाइट होते. त्यांना पगारापेक्षा जेवण, घोडा आणि वर्षातून ठरल्या सणाला झगा. हे झगे फार मोलाचे. तो मरणाला टेकला असताना एका कारकुनानं सुचवलं, की कोठीत इतके फरचे झगे पडलेत, ते विकून आत्म्याच्या शांतीसाठी दान करू. विल्यम खवळला. पेंटेकॉस्टचा सण तोंडावर आलाय, झगे माझ्या नाइटांचे आहेत, एकही विकायचा नाही.

मुलगा एक की पाच?

मार्च १२१९ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये आजारी पडल्यावर त्यानं स्वतःला नावेतून टेम्सनं केव्हर्शॅमच्या घरी नेववून घेतलं. इसाबेल दुसऱ्या नावेत मागोमाग. तिथं त्यानं वाटणी सांगितली.

नियम असा, की जमीन थोरल्याची. महाराष्ट्रात पाटीलकीचं वतन भावांत वाटलं जायचं, मान थोरल्याकडे. तिकडं तसं नाही. एका पट्ट्यामागे एक जबाबदार माणूस, ही राजाची गरज होती. तुकडे केले तर चाकरी कुणाकडून मागायची? पण बापानं हयातीत काही जमीन, विशेषतः स्वतः कमावलेली, धाकट्यांना दिली तर चालायचं. थोरल्या मुलाला (त्याचंही नाव विल्यम) चेपस्टो, पेम्ब्रुक आणि लेन्स्टर. रिचर्डला नॉर्मंडीतल्या जमिनी. १२०४ मध्ये नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाकडे गेली होती आणि एका माणसानं दोन वैरी राजांची चाकरी करणं दिवसेंदिवस अवघड झालं होतं, तेव्हा ही फोड शहाणपणाची. तिसरा गिल्बर्ट चर्चमध्ये. चौथ्या वॉल्टरला गुडरिचचा किल्ला. धाकट्या अँसेलमला काहीच नाही. माझ्यासारखं त्यानंही स्वतः कमवावं, असं बापाचं मत. शेवटी जवळच्यांनी गळ घातली तेव्हा वर्षाला १४० पौंड उत्पन्नाची जमीन त्याच्या नावे झाली. चार मुलींची लग्नं झालेली होती, राहिली होती जोन. तिला ३० पौंड उत्पन्नाची जमीन आणि २०० मार्क रोख.

एक दिवस त्याला गावंसं वाटलं. मुलींना बोलावलं. थोरली मॉड गायली. जोन लाजत, दबक्या आवाजात गायली, तर बापानं तिला थांबवून शब्द कसे म्हणायचे ते दाखवलं. नंतर त्यानं टेंपलर या लढवय्या संन्याशांच्या पंथाची दीक्षा घेतली, ज्यात स्त्रीला स्पर्श वर्ज्य. दीक्षेआधी इसाबेलचं शेवटचं चुंबन घेतलं, दोघंही रडली. १४ मे रोजी तो गेला. तीस वर्षांपूर्वी पवित्र भूमीहून आणून जपून ठेवलेलं रेशीम त्याच्या शवपेटीवर घातलं आणि लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याला पुरलं. पुढच्याच वर्षी इसाबेलही गेली.

पाच भाऊ, शून्य नातू

थोरल्या विल्यमची पहिली बायको लवकर वारली. १२२४ मध्ये त्याचं दुसरं लग्न राजाची बहीण एलिनॉर हिच्याशी झालं. सोयरीक थोर, पण नवरी नऊ वर्षांची. १२३१ मध्ये, धाकट्या बहिणीच्या लग्नानंतर आठवड्याभरात तो मेला तेव्हा एलिनॉर सोळाची. मूल नाही. रिचर्डनं राजाशी भांडण काढलं आणि १२३४ मध्ये किल्डेअरच्या माळावर जखमी होऊन मेला. मूल नाही.

आता पाळी आली चर्चमधल्या गिल्बर्टची. तो वस्त्रं उतरवून अर्ल झाला, स्कॉटलंडच्या राजाच्या बहिणीशी लग्न केलं आणि आपणही खरे लढवय्ये आहोत हे दाखवायला जून १२४१ मध्ये हर्टफर्डजवळ स्पर्धेत उतरला. लगाम तुटला, तो पडला, पाय रिकिबीत अडकला आणि घोड्यानं फरफटत नेलं. ज्या खेळानं बापाला वर आणलं त्यानंच मुलाला नेलं. वॉल्टर नोव्हेंबर १२४५ मध्ये वारला, अँसेलम महिन्याभरात त्याच्यामागे. दोघांनाही मूल नाही.

फर्न्सच्या आयरिश बिशपच्या दोन गावांची जमीन विल्यमनं बळकावली होती आणि त्यानं घराण्याला शाप दिला होता, अशी कथा तेव्हाही सांगत. शापाची गरज नाही. राजकारणासाठी केलेली नऊ वर्षांच्या मुलीशी सोयरीक, एक बंड, धाकट्यांना लग्न करण्याइतकी जमीन नसल्यानं त्यांची उशिरा झालेली लग्नं आणि एक तुटका लगाम, एवढं पुरे. थोरल्यावर सगळं लावायचं आणि धाकट्यांना बिनलग्नाचं ठेवायचं, हा जमीन टिकवायचा उपाय होता. त्यानं जमीन टिकली, माणसं टिकली नाहीत.

मग दत्तक का घेतला नाही?

मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर: कायद्यात दत्तकच नव्हता. वारस देव घडवतो, माणूस नाही, हे तिथल्या कायदेपंडितांचं सूत्र. ते ज्या ग्रंथात आहे तो ओळखला जातो इसाबेलला टॉवरमध्ये ठेवणाऱ्या त्याच ग्लानव्हिलच्या नावानं. लग्नाबाहेरच्या मुलांनाही हक्क नाही. राजाला यात फायदाच, कारण वारस अज्ञान किंवा स्त्री असली की जमिनीचा आणि लग्नाचा ताबा त्याच्याकडे. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा आला तो १९२६ मध्ये. ज्या कंपनीनं १८४८ मध्ये दत्तक नाकारून सातारा खालसा केलं, तिच्या साहेबांच्या मायदेशी तेव्हा दत्तकाला कायदाच नव्हता. खालसा करण्यामागे अर्थात राजकारण होतं. तरी हे माहीत असावं.

मुलगी असेल तर कुणाला?

सगळ्यात चक्रावणारा नियम इथं आहे. मुलगे पाच असले तर सगळं एकाला, पण मुलगे नसून मुली पाच असल्या तर पाचही जणींना समान. किल्ला फोडता येत नाही म्हणून मुख्य किल्ला थोरलीला, बाकीच्यांना तेवढ्या किमतीची जमीन दुसरीकडे. अँसेलम मेल्यावर वारस ठरल्या त्याच्या पाच बहिणी, आणि ज्या हयात नव्हत्या त्यांची मुलं.

आधी विधवांचे हिस्से बाजूला काढावे लागले. थोरल्या विल्यमची एलिनॉर पुढे सायमन द माँफर्टची बायको झाली. तिचा आयर्लंड-वेल्समधला हिस्सा वर्षाला ४०० पौंडांवर मिटवला गेला होता, आणि तो फार कमी आहे म्हणून नवरा-बायको कित्येक वर्षं राजाशी भांडत राहिली. १२५९ चा इंग्लंड-फ्रान्स तह एलिनॉर सही करेना म्हणून अडला होता. वॉल्टरची विधवा मार्गारेट आधीच लिंकनची काउंटेस, तिलाही मार्शलांच्या जमिनीतला हिस्सा.

उरलेल्याचे पाच भाग. लेन्स्टरमध्ये मॉडला कार्लो, आईचंच नाव असलेल्या मुलीच्या, म्हणजे दुसऱ्या इसाबेलच्या मुलाला किल्केनी, आजीचं नाव असलेल्या सिबिलच्या वारसांना किल्डेअर, ईव्हाच्या वारसांना डनामेस, जोनच्या वारसांना वेक्सफर्ड. आता सिबिलला मुली सात. म्हणजे किल्डेअरचे सात तुकडे आणि प्रत्येकीला मूळ जहागिरीचा पस्तिसावा हिस्सा. ईव्हाचा नवरा ब्रियूझ वेल्सच्या राजपुत्राच्या बायकोपाशी सापडला म्हणून १२३० मध्ये फासावर गेला होता, मागे चार मुली. जोनचा मुलगा लवकर गेला आणि तिची मुलगी राजाच्या सावत्र भावाच्या पदरी पडली. पेम्ब्रुक त्या मार्गानं तिकडे. या दुसऱ्या इसाबेलच्या मुलीनं स्कॉटलंडच्या ब्रूस घराण्यात लग्न केलं आणि स्कॉटलंडचा रॉबर्ट ब्रूस हा तिचा नातू.

नाव गेलं, रक्त मात्र बड्या घराण्यांत पसरलं. जमिनीच्या बाबतीत मात्र विल्यमनं एका लग्नानं जे गोळा केलं ते पाच लग्नांनी पांगलं, नेमक्या त्याच नियमांनी.

पागेचं ते जुनं पद तेवढं फुटण्यासारखं नव्हतं. १२४६ मध्ये पदाची खूण असलेली मार्शलची काठी थोरल्या मॉडच्या हाती देण्यात आली. बापाच्या उशाशी पहिल्यांदा गायली ती हीच. दोन अर्लांची विधवा असलेली मॉड स्वतःला 'इंग्लंडची मार्शल' म्हणवत असे. काठी तिनं मुलाकडे, नॉरफोकच्या अर्लकडे सोपवली. १२४८ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या चार मुलांनी तिचा देह खांद्यावरून वेल्समधल्या टिंटर्नच्या मठात नेला, जिथं तिची आई पुरलेली होती.